बोटे सुजली, तर बोट कोणाकडे दाखवायचे?

गणपतीपुळ्याला येणारे पाहुणे समुद्र पाहतात, देवळात जातात, दोन दिवस राहतात आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीकडे परततात. त्यांनी वापरलेल्या चादरी कोण धुते, खोल्या कोण झाडते, खानावळीतला भांड्यांचा ढीग कोण घासते, हे सहसा कोणी विचारत नाही. ही कामे करणारी माणसे आसपासच्या वाड्यांतून सकाळीच निघालेली असतात. त्यांत आपल्या बौद्धवाड्यांतल्या आयाबहिणीही असतात.

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही अशाच एका वाडीत दोन दिवस मुक्कामाला होतो. घरची थोरली सून पस्तिशीची. लॉजवर चादरी धुण्याचे काम करणारी. पहाटे आम्ही पाहिले, तर ती ओट्यावर नुसती बसून होती. दोन्ही हातांची बोटे सुजलेली, मूठ मिटत नव्हती. तिची वेणी धाकटी मुलगी घालत होती. "दोन तास गेले की हात सुटतात, मग कामाला जाते," असे ती म्हणाली. हा त्रास तिला दीड वर्ष होता.

संध्याकाळी मांडवात विषय निघाला आणि वाद रंगला. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणात गार पाण्यात हात घालू नको म्हटलं होतं, ऐकलं नाही माझं." मुंबईहून आलेल्या दिराने खाण्यावर बोट ठेवले, "वांगी, आंबट, मासळी सगळं बंद करा." शेजारच्या काकींनी आवाज खाली आणून सांगितले की हे बाहेरचे आहे, कोणीतरी केलेले आहे, एकदा दाखवून घ्या. कॉलेजात जाणारा पुतण्या म्हणाला, "काही नाही, हाडांची झीज आहे, कॅल्शियम द्या." सगळ्यांचे बोलून झाले. ती बाई तोवर गप्प होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे चूक माझीच ना?"

तो प्रश्न आम्हाला रात्रभर झोपू देईना. घरात आजाराच्या कारणाचा वाद चालतो, तेव्हा पुष्कळदा दोष कोणाचा हाच वाद चालू असतो, आणि तो फिरून फिरून घरातल्या बाईवर येऊन थांबतो. आम्ही डॉक्टर नाही. परंतु त्यानंतर आम्ही जे वाचले, जाणकारांना विचारून समजून घेतले, ते आमच्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

हा कोणता आजार?

त्या ताईंची लक्षणे ज्या आजाराची होती, त्याला डॉक्टर ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे त्याला संधिवात किंवा आमवात म्हणतात. गुडघ्याच्या झिजेचा संधिवात वेगळा. झिजेचे दुखणे सहसा उतारवयात येते, कामाने वाढते, विश्रांतीने कमी होते. या आजारात मात्र हातापायांचे लहान सांधे, बहुधा दोन्ही बाजूंचे, सुजतात. सकाळी उठल्यावर तास-दोन तास अंग आखडलेले राहते. थकवा येतो, कधी बारीक ताप येतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट अधिक होतो, आणि पुष्कळदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे संसाराचा भार सर्वांत जास्त असतो त्याच वयात, सुरू होतो.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. आपले कोण आणि परके कोण हे ती ओळखते. कधी कधी ही ओळख चुकते आणि ती फौज आपल्याच अवयवांवर तुटून पडते. अशा आजारांना ऑटोइम्यून, म्हणजे स्वयंप्रतिरोधी आजार म्हणतात. हल्ला सांध्यांच्या आतल्या अस्तरावर झाला तर हा संधिवात. कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर झाला तर कोड. लहान मुलांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर झाला तर पहिल्या प्रकारचा मधुमेह. ल्युपस नावाच्या आजारात कातडी, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक ठिकाणी हल्ला होतो. यांतला एकही आजार संसर्गजन्य नाही. कोड असलेल्या मुलीचे लग्न मोडणारे लोक अजून आहेत, म्हणून हे ठासून सांगावे लागते.

शरीर स्वतःवरच उलटते, ही गोष्ट एकेकाळी विद्वानांनाही पटत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने असे होणे शरीर टाळतेच, असे मत मांडले होते. पुढे १९५६ साली अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग करून दाखवले की शरीर आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करू शकते. मग ही फौज बाकीच्यांत बिघडत का नाही? तिला आवरून धरणाऱ्या काही खास पेशी असतात, असे जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यामागचे जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भिगवणने काय सांगितले

हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या लोकांचा आजार आहे, असा एक समज आहे. तो खोटा ठरवण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातल्याच एका गावाने केले. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सहकाऱ्यांसह घरोघरी पाहणी सुरू केली. गावातलेच स्वयंसेवक दारोदार गेले आणि चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची विचारपूस झाली. शंभरातल्या सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू, कंबर यांचे दुखणे होते. त्यांतले बहुतेक कष्टाचे, झिजेचे वा साधे दुखणे होते. ज्याला ऱ्हुमटॉइड म्हणावे असे साधारण दोनशे माणसांत एकाला.

दोनशेत एक म्हणजे किती? गावच्या सभेला चारशे माणसे जमली, तर त्यांत दोन. पण त्या दोघांचे दुखणे बाकीच्या कंबरदुखीत आणि गुडघेदुखीत मिसळून जाते. "सगळ्यांचेच दुखते, तुझे काय वेगळे?" असे म्हणून घर मोकळे होते. उशीर होतो तो इथे.

मांडवातले चार पक्ष

आता त्या मांडवातली चारही मते तपासून पाहू.

सासूबाईंनी पाहिले ते खरे होते, लावलेले कारण मात्र चुकले. गरोदरपणात हा आजार पुष्कळ बायकांमध्ये शांत राहतो आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत उसळतो किंवा प्रथम दिसू लागतो. हे डॉक्टरांनीही नोंदवलेले आहे. त्याचा संबंध शरीरात घडणाऱ्या बदलांशी आहे, गार पाण्याशी नाही. पावसाळ्यात, गारठ्यात दुखणे जास्त जाणवते असे अनेकांना वाटते. पण पावसाने आजार जडला असता, तर कोकणात कोण सुटले असते?

दिराच्या पथ्याचे काय? कोणता एक पदार्थ सोडला म्हणजे हा आजार बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. मासळीच्या तेलाने सांध्यांचे दुखणे थोडे कमी होते असे मात्र अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा बांगडा, तारली ताटातून काढून घेण्याचे कारण नाही. आधीच अशक्त असलेल्या बाईचे खाणे तोडणे म्हणजे आजारावर उपासमारीची भर घालणे होय.

पुतण्याची झीज हा वेगळा आजार, हे वर आलेच. कॅल्शियमने हाडाला आधार मिळेल, पण हा हल्ला थांबणार नाही.

राहिल्या काकी. हा आजार सारखा एकाच पातळीवर राहत नाही. तो चढतो, उतरतो. चढलेला असताना माणूस हतबल होऊन दारोदार जातो, आणि त्यानंतर आजार आपोआप थोडा उतरला, की शेवटी जे केले त्याला श्रेय मिळते. कोणी गंडा बांधलेला असतो, कोणी पुडी घेतलेली असते. पुढच्या वेळी आजार चढला, की "पथ्य मोडले असेल" म्हणून दोष पुन्हा रोग्याच्याच माथी.

मग खरे कारण कोणते?

एकच एक कारण नाही, हेच आजवरच्या अभ्यासाचे उत्तर आहे. थोडा भाग रक्तातून येतो. पण तोही पूर्ण नव्हे. अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांत एकाला हा आजार असला, तर दुसऱ्यालाही तो असण्याचे प्रमाण शंभरात बारा ते पंधराच्या आसपास आढळले आहे. म्हणजे आईला आहे म्हणून मुलीला होणारच, असे मुळीच नाही. मुलीचे स्थळ पाहायला आलेल्यांना हे सांगायला संकोच करू नये.

बिडी-सिगारेटच्या धुराने धोका वाढतो, हे पक्के झाले आहे. हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही संबंध दिसतो. मिशरी हिरड्या खराब करते, हे आपल्या बायकांनी ध्यानात घ्यावे. तिसरी गोष्ट दगडाच्या धुळीची. वेल्समधल्या कोळसा खाणीतील कामगारांत फुप्फुसाचा विकार आणि हा संधिवात एकत्र दिसतो, हे डॉ. कॅप्लान यांनी १९५३ साली दाखवले. त्यानंतर दगड फोडणाऱ्या, सुरुंगाची भोके पाडणाऱ्या कामगारांतही बारीक सिलिका धुळीने धोका वाढल्याचे आढळले. खडीच्या क्रशरवर काम करणारे आमचे बांधव तोंडाला नुसता रुमाल बांधतात. या धुळीपासून रुमाल पुरेसे संरक्षण देत नाही. पाणी मारून धूळ बसवणे आणि योग्य मास्क देणे हे मालकाचे काम आहे.

काही वेळा जंतूही निमित्त होतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे मुलांचा संधिवाताचा ताप. घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, शरीर त्याच्याशी लढते आणि त्या लढाईत आपल्याच हृदयाच्या झडपांना इजा करते. दाटीवाटीच्या, अपुऱ्या घरांत राहणाऱ्या मुलांत हा आजार अधिक. घसादुखीवर वेळेवर औषध दिले आणि एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला पेनिसिलिनचे इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी नियमित दिले, तर हृदय वाचते. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हाही कित्येकांचे सांधे महिनोन्महिने धरले होते. त्यांतल्या बहुतेकांचे हळूहळू सुटले. म्हणून प्रत्येक सुजेला एकच नाव देऊ नये, तपासून घ्यावे.

रक्त, धूर, धूळ, जंतू, शरीरातले बदल अशा अनेक गोष्टी एकत्र येतात तेव्हा फौजेची ओळख बिघडते. यांत त्या ताईंची चूक कुठे आहे?

पुडीची जादू

सांधेदुखीवर हमखास गुण देणारी पुडी आपल्याकडे बाजारात, एस. टी. स्टँडवर, ओळखीच्या ओळखीने मिळते. दोन दिवसांत सूज उतरते. ही जादू कसली? अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते.

स्टेरॉइड हे मुळात वाईट औषध नव्हे. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांच्या पथकाने अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला पहिले इंजेक्शन दिले आणि काही दिवसांत ती चालत बाजारहाटाला गेली. हेंच यांना १९५० साली नोबेल मिळाले. पण लवकरच दुसरी बाजू दिसली. जास्त काळ, जास्त प्रमाणात घेतले तर चेहरा सुजून गोल होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, अंगात दबलेला क्षय उसळू शकतो. म्हणून आज डॉक्टर ते थोडे, थोड्या काळासाठी आणि मोजून देतात. पुडीवाला मोजत नाही. आणखी एक ध्यानात ठेवा. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल, तर ती एकदम बंद करू नका, त्यानेही जिवाला धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि खरे सांगा.

संधिवात, कोड, मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. भिंतीवर तशी जाहिरात दिसली, तर ती कायदा मोडणारी आहे असे खुशाल समजा.

औषधांचा वाद

वेदनाशामक गोळीने दुखणे थांबते, आजार नाही. वर्षानुवर्षे घेतली तर पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात. हल्ला रोखणारी औषधे वेगळी. त्यांतले मुख्य मेथोट्रेक्सेट. ते ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरम इथे १८९५ साली जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. ते १९४८ साली वारले. आधी रक्ताच्या कर्करोगावर वापरले गेलेले हे औषध १९८८ साली अमेरिकेत संधिवातासाठी मान्य झाले. आज ते जगभर सर्वांत आधी दिले जाते आणि त्याची किंमत गरिबाला झेपणारी आहे.

पण त्याचे नियम कडक आहेत. ही गोळी रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. सोबत डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. दारू वर्ज्य. गरोदर बाईने ही गोळी मुळीच घ्यायची नाही, आणि मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगायचे.

दुसरे औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, मूळचे हिवतापावरचे. ते घेताना वेळोवेळी डोळे तपासावे लागतात. २०२० साली करोनावर ते चालते अशी हूल उठली आणि दुकानांतून ते नाहीसे झाले, तेव्हा ल्युपस आणि संधिवाताच्या रोग्यांची फार परवड झाली. शेवटी करोनावर त्याचा उपयोग नसल्याचेच सिद्ध झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जैविक इंजेक्शने आली. ती गुणकारी आहेत, पण महाग आहेत, आणि ती देण्यापूर्वी अंगात क्षय दबलेला नाही ना, हे पाहावेच लागते.

मग आयुर्वेदाचे काय, असे अनेक जण विचारतात. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही तपासूनच द्यायला हवे. डॉ. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी एका आयुर्वेदिक औषधाची चाचणी घेऊन २००० साली ती प्रसिद्ध केली. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. दोन्हीकडे बऱ्याच जणांना बरे वाटले आणि दोन्हींतला फरक ठळक नव्हता. आजार आपोआप उतरतो आणि विश्वासानेही बरे वाटते, याचा हा पुरावा. २०११ साली कोईमतूर येथील ४३ रुग्णांवरच्या चाचणीत मात्र आयुर्वेदिक उपचार आणि मेथोट्रेक्सेट यांचा गुण साधारण सारखा आढळला. पण ४३ म्हणजे फार थोडे रुग्ण. तेवढ्यावरून चालू गोळी सोडू नये. शिकलेल्या वैद्याकडे जरूर जा, पण वैद्याला गोळीचे सांगा आणि डॉक्टरला काढ्याचे सांगा. लपवाछपवीत घात आहे.

घराने काय करावे

सहा आठवड्यांहून अधिक काळ बोटे सुजत असतील आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असतील, तर थांबू नका. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उपचार सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचण्याची शक्यता पुष्कळ असते. एकदा वाकडे झालेले बोट गोळीने सरळ होत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रातून रत्नागिरीच्या शासकीय रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. ज्यांचे कोणी मुंबईत आहे, त्यांना सांगतो की परळच्या के. ई. एम. रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. रक्ताच्या एकाच तपासणीवर भिस्त ठेवू नका. आर. ए. फॅक्टर काही निरोगी माणसांतही सापडतो आणि काही रोग्यांत सापडत नाही. डॉक्टरने हाताचे सांधे स्वतः दाबून पाहिले पाहिजेत.

आणि सकाळचे ते दोन तास घराने वाटून घ्यावेत. पाण्याचा हंडा नवऱ्याने उचलावा, पीठ मुलाने मळावे. यात कमीपणा कसला? सुजलेल्या हाताने पिळलेली चादर सुकते, पण त्या सांध्याची हानी भरून येत नाही.

त्या ताईंशी आमचे अधूनमधून बोलणे होते. त्या रत्नागिरीला गेल्या, तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. चार महिन्यांनी सकाळचे आखडणे दोन तासांवरून अर्ध्या तासावर आले आहे. उजवे मनगट अजून दुखते. आजार गेलेला नाही, आवरलेला आहे, आणि औषध पुष्कळ वर्षे घ्यावे लागेल हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे. गोळीचा वार रविवार ठरला आहे. कालनिर्णयावर दर रविवारी खूण करण्याचे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले आहे. गार पाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

वेणी आता ताई स्वतः घालतात.